तोडलेल्या सागापाशी बसा

प्रश्न : मी मानेवाड्यातल्या एका शाळेत परिसर अभ्यास शिकवते. केंद्रातल्या शिक्षकांसाठी जंगलभेट ठरवायचं काम माझ्याकडे आलं आहे. विषय आहे शाश्वत वनव्यवस्थापन. मागच्या वर्षी आम्ही पेंचला गेलो, वाघ दिसला, सगळे खूश झाले. विषय मात्र तसाच राहिला. त्यात एका सरांनी विचारलं, ‘वनविभागच झाडं तोडतो, मग मुलांना झाडं वाचवा असं कोणत्या तोंडाने सांगायचं?’ मला उत्तर देता आलं नाही. कुठे जावं, काय पाहावं?
– एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्या सरांचा प्रश्न मला पाचवीतल्या एका मुलीने विचारला होता. ‘झाड तोडणे हा गुन्हा आहे’ हे वाक्य मी फळ्यावर लिहून वर्गाकडून उतरवून घेत होते. तिचे वडील लकडगंजात आरामशीनवर कामाला. ती उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, मग माझे बाबा काय करतात?” मी तिला खाली बसवलं. ते आजही टोचतं. त्यानंतर मी स्वतः जंगलात जाऊन पाहिलं, आणि निवृत्त होईपर्यंत दर हिवाळ्यात शिक्षकांना नेत राहिले.

पेंचला हा विषय कळणार नाही, कारण व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात लाकडासाठी तोड होतच नाही. तोड होते तिथे जा. जबलपूर रस्त्याने देवलापारकडे सागाचं रान आहे. तिथल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना महिनाभर आधी पत्र द्या आणि त्यात स्पष्ट लिहा, की तोड पूर्ण झालेला कूप पाहायचा आहे, आणि जमल्यास एक-दोन वर्षांपूर्वीचाही. पंधरा-वीसच जण न्या. जास्त झाले की मागच्यांना काही ऐकू येत नाही.

कूप म्हणजे त्या वर्षी कामासाठी ठरलेला रानाचा तुकडा. जंगलाची कार्य आयोजना साधारण १० वर्षांची असते आणि कोणत्या वर्षी कुठे हात लावायचा ते तिच्यात लिहिलेलं असतं. हे वर्गात दोन मिनिटांत सांगून होतं. पुढचं मात्र खुंटापाशी बसूनच पाहायचं.

आधी खुंटाच्या बुडाशी पाहा. तोडण्याआधी झाडावर नंबर टाकतात आणि बुंध्याला हातोड्याची खूण करतात. ती खूण कापाच्या खाली असते, म्हणून झाड गेलं तरी मागे राहते. खूण नसलेला खुंट दिसला, तर ते झाड चोरीला गेलं असावं. आमच्या एका सरांनी हे ऐकलं आणि पुढचे दोन तास खुंटन् खुंट तपासला.

मग कापावर पाणी शिंपडा. सागाची वर्षवलयं साध्या डोळ्यांनी दिसतात. आमच्या चौघींनी एकच खुंट मोजला आणि चार आकडे आले, ५४ पासून ५९ पर्यंत. सोबतचा वनरक्षक म्हणाला, “पुन्हा मोजा न जी, घाई कायची?” पुन्हा मोजताना दिसलं, की मधली दहा-बारा वलयं कंगव्याच्या दातांसारखी दाटीने बसली आहेत आणि त्यानंतर एकदम रुंद झाली आहेत. त्याने समजावलं, की आधी गर्दी होती. विरळणीत शेजारची झाडं काढली, तेव्हा या सागाला ऊन-पाणी मिळालं. काढलेल्या झाडांमुळे उरलेलं झाड वाढतं, हे मी त्या दिवशी बोटाने चाचपून पाहिलं. तुमच्या सरांना तिथेच बसवा.

जुन्या कूपात खुंटांना फुटवे आलेले दिसतील. साग बुडापासून पुन्हा फुटतो. त्यातला एक जोमदार फुटवा ठेवून बाकीचे काढतात. कोवळं पान तळहातावर चोळा, हात लाल होतो. गणिताच्या शिक्षकांना टेप द्या. जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजायचा आणि ३.१४ने भागायचं. ९४ सेंटीमीटर घेर म्हणजे साधारण ३० सेंटीमीटर व्यास.

तोड नेहमी चांगलीच असते असं मात्र शिकवू नका. ठरल्यापेक्षा जास्त तोडलं, फुटवे गुरांनी खाल्ले, मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून पालापाचोळा पेटवला, की तेच रान बसतं. मुक्कामाची सोय झाली तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला जा. तिथल्या ग्रामसभेला २०१२मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा कायदेशीर हक्क, मिळाला. गाव बांबू तोडून विकतं, पण तेंदूपानांचा पैसा गावाने सोडून दिला. तेंदूसाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, ते त्यांना नको होतं. मला या गावाबद्दल फार आदर आहे. जंगल वापरायचं आणि राखायचंही, हे तिथली माणसं रोज करतात.

आमच्या पहिल्या भेटीनंतर मी त्या मुलीच्या वडिलांना वर्गात बोलावलं. त्यांनी आरामशीनवरून सागाची एक चकती कापून आणली, बाकावर ठेवली, आणि पहिलं वलय लेकीला मोजायला लावलं. चकती अजून शाळेच्या कपाटात आहे. पाण्याची वाटी तेवढी जवळ ठेवावी लागते.