बाबांच्या गोळीचे नाव पत्रात का नाही?

एका वाचक भगिनीचे पत्र: ‘माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस. पण गेल्या वर्षभरात मोबाइलवरच्या जुगारात त्यांनी निम्म्याहून अधिक पुंजी घालवली, आईचे दागिने गहाण ठेवले आणि विचारले की ते सरळ खोटे बोलतात. दोन समुपदेशक झाले. दोघांनाही त्यांनी “मला स्वतःलाच कळत नाही” एवढेच उत्तर दिले. दादाने त्यांच्याशी बोलणे टाकले आहे. आता त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचे ठरले आहे, पण ते चूक कबूलच करत नाहीत. बाकी प्रकृती ठीक आहे. कंपवातासाठी दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी बदलून दिलेली गोळी चांगली लागू पडली, आता ते काठीशिवाय चालतात. त्यांना आपल्या वागण्याची लाज वाटावी म्हणून आम्ही काय करावे?’

प्रिय भगिनी,

‘बाकी प्रकृती ठीक आहे’ असे म्हणून तुम्ही जे वाक्य उरकून टाकले आहे, त्या एकाच वाक्यापाशी मी थांबले. दीड वर्षापूर्वी गोळी बदलली आणि त्यानंतर काही महिन्यांत, आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस जुगार खेळू लागला. या दोन्ही गोष्टी तुम्हीच लिहिल्या आहेत, तरीही घरातल्या एकालाही त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटल्या नाहीत, कारण तोपर्यंत सगळ्यांनी बाबांच्या स्वभावाचा निकाल लावून टाकला होता.

कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, मेंदूतील डोपामिन नावाचे रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि म्हणून काही रुग्णांना डोपामिनसारखेच काम करणारी औषधे देतात: प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल किंवा त्वचेवर लावायच्या पट्टीतून दिले जाणारे रोटिगोटिन. त्यांनी हालचाल सुधारते. परंतु एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणे, पुन्हा पुन्हा तिच्याकडे ओढले जाणे आणि वेळीच हात आखडता घेणे, यांतही डोपामिनचा वाटा असतो. मेंदूतले हे भाग आजारातून बऱ्याच अंशी वाचलेले असल्यामुळे तिथे औषधाचा प्रभाव गरजेपेक्षा जास्त पडतो, असे मानले जाते. ही शंका नवी नाही. २००५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या अशा ११ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, जे ही औषधे घेत असताना जुगाराच्या आहारी गेले होते. त्यांपैकी ज्या आठ जणांची पुढची माहिती हाती होती, त्या सर्वांचा जुगार औषध कमी किंवा बंद केल्यावर काही महिन्यांत थांबला. पुढे २०१० साली ३,०९० रुग्णांच्या पाहणीत जुगार, बेसुमार खरेदी, अनावर खाणे आणि अनावर लैंगिक वर्तन यांपैकी निदान एक तक्रार या गटातील औषधे घेणाऱ्या १७.१ टक्के लोकांत आढळली, न घेणाऱ्या ६.९ टक्के लोकांत.

तुमच्या बाबांची गोळी याच गटातली आहे की नाही, हे मला सांगता येत नाही, कारण तुम्ही तिचे नाव लिहिलेले नाही. पण ‘मला स्वतःलाच कळत नाही’ हे उत्तर तुम्ही टाळाटाळ म्हणून नोंदवले आहे, आणि मला मात्र तुमच्या सगळ्या पत्रातले ते सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते. ज्या माणसाला आपल्याच हातून काय होते आहे याचा उलगडा होत नाही, त्याच्याकडून तुम्ही वर्षभर कबुलीजबाब मागत आहात. लाज त्यांना पुरेशी वाटते आहे. खोटे ते त्यामुळेच बोलतात. ती आणखी वाढवण्याचा उपाय मी सांगणार नाही, आणि तुम्हीही तो शोधू नये.

केंद्रात ठेवण्याचा बेत आज थांबवा. तिथेही रोज सकाळी त्यांच्या हातावर तीच गोळी ठेवली जाईल, आणि मग उपचार फसले की तुम्ही पुन्हा त्यांनाच दोष द्याल. त्याऐवजी याच आठवड्यात बाबांना घेऊन कंपवाताच्या डॉक्टरांकडे जा. सर्व औषधांची पाकिटे, कोणते औषध केव्हा सुरू झाले आणि मात्रा केव्हा वाढली त्याच्या तारखा, आणि बँकेचा वर्षभराचा उतारा सोबत न्या, आणि ‘गोळी बदलल्यानंतर जुगार सुरू झाला’ हे वाक्य स्पष्टपणे उच्चारा. कंपवाताच्या तपासणीत रुग्ण चालून दाखवतो, हात पुढे करून दाखवतो. कोणी विचारल्याशिवाय तो जुगाराबद्दल बोलत नाही.

तोपर्यंत, माझे पत्र वाचून घाबरून, गोळी घरच्या घरी बंद करू नका. ही औषधे एकाएकी थांबवली तर प्रकृती गंभीर होऊ शकते, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतानाही काही जणांना तीव्र अस्वस्थता, भीतीचे झटके आणि खोल नैराश्य येते, म्हणून त्या काळात बाबांना एकटे सोडू नका. मात्रा किती कमी करायची, लेव्होडोपा (कंपवाताचे दुसरे एक प्रमुख औषध) वाढवायची का, हे डॉक्टर ठरवतील. कदाचित त्यांना पुन्हा काठी हातात घ्यावी लागेल. त्यांना ही भीती असणारच, आणि ती खरी आहे. हाताशी आलेले चालणे कोणाला परत द्यावेसे वाटेल? त्यांच्यासमोर तो निर्णय आज्ञेसारखा टाकू नका, त्यांना विचारून घ्या.

पैशांचे व्यवहार सध्या आईच्या आणि तुमच्या हाती असू द्या, मात्र शिक्षा म्हणून नव्हे, आणि हे त्यांना त्याच शब्दांत सांगा. समुपदेशनही सोडू नका. औषध बदलले तरी वर्षभरात जडलेली सवय आणि झालेले कर्ज आपोआप नाहीसे होत नाही, आणि तपासणीअंती कारण गोळी नाही असे निघाले तर तोच उपचार नेटाने चालवावा लागेल. पण मग निदान ती शक्यता पारखून तुम्ही पुढे गेलेल्या असाल.

दादाला सोबत न्या. डॉक्टर जे सांगतील ते त्याने तुमच्याकडून न ऐकता स्वतःच्या कानांनी ऐकावे. आणि आईला डॉक्टरांशी दहा मिनिटे एकटीने बोलू द्या, तुम्ही दोघेही बाहेर थांबा; जुगाराखेरीज जे बदल मी वर लिहिले आहेत, त्यांतले काही तिला ठाऊक असतील आणि मुलांसमोर ती ते कधीही सांगणार नाही.