चेंडू हातात नसलेलीकडे बघ

प्रिय मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा खेळावे की जिल्ह्याच्या मुलींचा हँडबॉल संघ प्रशिक्षक म्हणून हाती घ्यावा, हा प्रश्न मला कळला. मात्र मला खटकले ते त्यापुढचे वाक्य, ‘सर, मी स्वतः करून दाखवते, तरी त्यांना जमत नाही.’ तू करून दाखवतेस तेव्हा सगळ्या जणी चेंडूकडे बघतात, आणि तूही चेंडूकडेच बघतेस. प्रशिक्षकाने चेंडू हातात नसलेल्या खेळाडूकडे बघायचे असते.

हँडबॉलपटू आणि पुढे प्रशिक्षक झालेल्या तालांत दुयशेबाएवचे नाव मी सरावात घेत असे, ते केवळ त्याच्या पदकांसाठी नव्हे. किर्गिझस्तानात जन्मलेल्या या सेंटर बॅकने, म्हणजे मधे उभे राहून हल्ला रचणाऱ्या खेळाडूने, १९९२ मध्ये बार्सिलोनाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, पुढच्या वर्षी तो रशियाकडून विश्वविजेता झाला आणि नंतर स्पेनकडून त्याने १९९६ व २००० ची कांस्यपदके जिंकली. दोन वेळा तो जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. असा माणूस प्रशिक्षक म्हणून सहज फसला असता, कारण हातातले कसब तोंडाने सांगता येत नाही. पण त्याचे कसब मुळात पासचे होते, आणि बचावफळीत अडकलेला पिव्हट, म्हणजे समोरच्या गोलजवळच्या रेषेवर खेळणारा आपला गडी, कोणत्या क्षणी मोकळा होणार हे आधी दिसल्याशिवाय तसा पास देताच येत नाही. म्हणूनच २००५ मध्ये सिउदाद रेआल या स्पॅनिश क्लबची सूत्रे घेतल्यावर त्याने २००६, २००८ आणि २००९ मध्ये त्या संघाला युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, असे माझे मत आहे.

याच लीगचा, जर्मनीत कोलोनला २०१६ मध्ये झालेला अंतिम सामना पुन्हा बघ. उत्तरार्धात त्याचा पोलंडमधल्या क्येल्त्सेचा संघ हंगेरीच्या वेस्प्रेमविरुद्ध १९-२८ असा मागे होता. साठ मिनिटे संपली तेव्हा गुणफलक २९-२९ होता. पुढे जादा वेळेत ३५-३५ आणि सात मीटरच्या थ्रोंवर, म्हणजे पेनल्टींवर, ३९-३८ असा क्येल्त्से जिंकला. सगळे त्या दहा गोलांबद्दल बोलतात. तू समोरच्या संघाचा आकडा बघ : तेवढ्या वेळात त्यांना एकच गोल करता आला. बचाव करताना आपल्यापैकी कुणाच्याच हातात चेंडू नसतो, हे तुला मी किती वर्षे सांगतो आहे?

मला हे उशिरा कळले. खेळणे सोडून नुकताच शिकवू लागलो होतो, तेव्हा चूक दिसली की मुलींच्या हातातला चेंडू हिसकावून नऊ मीटरवरून स्वतः मारून दाखवायचो आणि टाळ्या घ्यायचो. आमची पिव्हट अंगाने किरकोळ होती. दोन हंगाम ती सहा मीटरच्या रेषेवर बरगड्यांत कोपरे खात इतरांसाठी वाट उघडत राहिली. फळ्यावर मी फक्त गोल लिहीत असे, त्यामुळे तिचे नाव तिथे क्वचितच यायचे. एका संध्याकाळी तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेले नी-पॅड माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, ‘सर, माझं इथे काही काम नाही.’ मी तिला आळशी म्हटले. पुढच्या स्पर्धेत आमच्या शूटरना समोर नुसती भिंत दिसत होती.

त्या दिवसापासून फळा बंद केला. पुढे एका अंतिम सामन्यात सर्वाधिक गोल करणारी मुलगी मी शेवटची दहा मिनिटे बाहेर बसवली आणि आम्ही एका गोलाने हरलो. लोक अजून मला त्यावरून बोलतात. ती बचावाला परत धावतच नव्हती! हे फक्त मला दिसत होते, कारण बाकी सगळे चेंडूकडे बघत होते. आज तसाच प्रसंग आला तरी मी तिला बाहेरच बसवीन. हट्ट म्हण हवे तर.

टाइमआउटचे हिरवे कार्ड टेबलावर ठेवताना तुझ्या मनात काय येते, तेही मी सांगतो : ‘मी असते तर हा गोल झाला असता.’ झाले, ते एक मिनिट वाया गेले. त्या मिनिटात ज्या मुलीला पाच मिनिटे पास मिळालेला नाही, तिच्याशी आधी बोल.

गुडघ्याचा निर्णय डॉक्टर देतील, त्यात मी पडत नाही. तोवर सरावाला वही घेऊन बस आणि वीस मिनिटे फक्त पिव्हट व चेंडूपासून लांबच्या कडेला खेळणारी विंगर काय करतात ते लिही. चेंडू कुठे आहे ते लिहू नकोस. रविवारी मी मैदानावर येतो आहे. पान कोरे निघाले, तर चहाचे पैसे तू द्यायचेस.

तुझा,
सर