बॉण्ड बदलण्याआधी लाइट तपास

खानापुरात स्वतःचा दातांचा दवाखाना सुरू केलास, फार बरं वाटलं. फिलिंग निघून येतंय म्हणालास, तर बॉण्डची, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रवाची, बाटली बदलण्याआधी लाइट क्युअर, म्हणजे तो द्रव प्रकाशानं कडक करणारा दिवा, तपास. बहुतेक बॉण्डमध्ये कॅम्फरक्विनोन असतं, प्रकाश पडला की बॉण्ड कडक व्हायला सुरुवात करून देणारं. ते 468 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं. प्रकाश कमी पडला की डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या थरात, शिरलेलं बॉण्डचं रेझिन अर्धकच्चं राहतं. वरून सगळं ठीक दिसतं, पण ओलाव्यानं ती पकड हळूहळू सुटते.

लाइटचं टोक रोज बघ. त्यावर चिकटून वाळलेला कंपोझिटचा (फिलिंगच्या मसाल्याचा) ठिपकासुद्धा प्रकाश अडवतो. दोन दाढांमधल्या फटीतली पोकळी असेल तर तिचा तळ टोकापासून 6-8 मिलिमीटर लांब पडतो. तिथं वेळ वाढव, टोक सरळ समोर धर, हात हलू देऊ नकोस. नारिंगी चष्मा लाव, म्हणजे नजर न वळवता नेम धरता येईल. वाढवलेला वेळ मात्र सलग देऊ नकोस, मध्ये हवा मार. दाताची नस तापते रे.

आणि बॉण्डमधला सॉल्व्हंट (त्याला पातळ ठेवणारा द्रव) हवेनं उडवल्याशिवाय लाइट लावूच नकोस. थर हलायचा थांबला, एकसारखा चकचकीत दिसला की मगच. पुढच्या खेपेला बेळगावला आलास की डेंटल डेपोत रेडिओमीटरची, म्हणजे लाइटची ताकद मोजणाऱ्या यंत्राची, चौकशी कर.