व्हीलॅनचे नाव, क्रमांक आणि ‘ओळख’

व्हीलॅन म्हणजे ‘व्हर्च्युअल लॅन’, एकाच तारेवर वेगळे राखलेले स्थानिक जाळे. सर्व्हरप्रणालीच्या मराठी माहितीपुस्तिकेत ‘व्हीलॅन नेम’ आणि ‘व्हीलॅन आयडी’ या दोन्हींसाठी ‘ओळख’ हा एकच शब्द चालेल का, आणि ‘व्हर्च्युअल नेटवर्क’ला ‘आभासी जाळे’ म्हणावे का, अशी पृच्छा आहे.

‘ओळख’ चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हीलॅनसाठीच्या ८०२.१क्यू या मानकानुसार फ्रेमला (जाळ्यावरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाला) जो चार बाइटचा टॅग, म्हणजे खूणचिठ्ठी, लागतो, त्यात व्हीलॅनच्या क्रमांकासाठी १२ बिट राखलेले असतात आणि नावाला जागाच नसते. स्विच (जाळ्यातील यंत्रे जोडणारे उपकरण) क्रमांक वाचतो, नाव केवळ माणसांच्या सोयीसाठी असते. १२ बिटांत ० ते ४०९५ एवढे आकडे मावतात, त्यांतला पहिला आणि शेवटचा राखीव असल्याने वापरायला ४०९४ उरतात. ट्रंकने (अनेक व्हीलॅनच्या फ्रेम नेणाऱ्या जोडणीने) जोडलेल्या दोन स्विचांपैकी एकावर ‘बॅकअप’ आणि दुसऱ्यावर ‘साठवण’ असे नाव असले, तरी दोन्हीकडे क्रमांक १२० असेल तर ते एकच व्हीलॅन होय. उलट नाव तेच ठेवून क्रमांक चुकला, तर यंत्रे एकमेकांना सापडत नाहीत. काही सर्व्हरप्रणालींत एकाच क्रमांकाला दोन नावेही देता येतात. अशा ठिकाणी ‘ओळख भरा’ असे लिहिले, तर वाचकाने शब्द भरायचा की आकडा, हे कळणार नाही. म्हणून ‘व्हीलॅनचे नाव’ आणि ‘व्हीलॅन क्रमांक’ असेच लिहावे. व्हीएक्सलॅनचा (व्हीलॅनच्या विस्तारित प्रकाराचा) क्रमांक २४ बिटांचा असतो, पण शब्द तोच पुरतो.

क्रियापदाचीही काळजी घ्यावी. ‘नाव ठेवणे’ म्हणजे नामकरण, पण ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. व्हीलॅन अनेक असले की अनेकवचन येतेच, तेव्हा ‘नावे देणे’ हेच निःसंदिग्ध आहे.

‘आभासी’ हा शब्द प्रकाशशास्त्रातील ‘आभासी प्रतिमे’ला शोभतो, कारण तेथे किरण प्रत्यक्ष एकत्र येत नाहीत, नुसते तसे भासतात. व्हीलॅनमधले विभाजन मात्र भासमान नाही: एका व्हीलॅनमधली फ्रेम राउटिंगवाचून (जाळ्याजाळ्यांत मार्ग काढून दिल्यावाचून) दुसऱ्यात पोहोचत नाही, वेगळी नसते ती फक्त तार. ‘उपजाळे’ हा पर्याय सुचतो खरा, परंतु तो सबनेटसाठी राखायला हवा, आणि सबनेट आयपी पत्त्यांवरून ठरते, टॅगवरून नव्हे. त्यामुळे पुस्तिकेत ‘व्हीलॅन’ हाच शब्द ठेवावा आणि तो पहिल्यांदा येईल तेथे ‘एकाच तारेवरून चालणारे, पण टॅगने वेगळे राखलेले जाळे’ असा त्याचा खुलासा द्यावा.