वहीतले अकरा कावळे

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. सुट्टीत घरी आली की पहाटेच वही आणि मोबाईल घेऊन बांधावर जाते. "पाखरं मोजून पोट भरतंय काय? तुम्हीच सांगा तिला," असं लिहून पुरावा म्हणून त्यांनी वहीच्या एका पानाचा फोटोही जोडलाय.

साहेब, पुरावा तुमच्यावरच उलटला.

पान नीट बघितलं. सुरुवात 6.40, शेवट 7.10. जागा, नाल्याकडचा बांध. टिटव्या 4, साळुंक्या 9, वेडे राघू 6, कावळे 11. एका ठिकाणी 'तपकिरी, लहान, ओळखला नाही'. हौशी माणूस धनेश दिसला तर चार जणांना सांगतो, कावळा सोडून देतो. हिनं कावळे मोजलेत, आणि जे कळलं नाही ते दडपून ठोकलेलं नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अशीच पूर्ण यादी मागतात, कारण काय दिसलं नाही हेही त्या यादीतूनच समजतं. तुमच्या बांधावरच्या एका यादीनं काही सिद्ध होत नाही. पण 2023 चा भारतातल्या पक्ष्यांचा अहवाल 30 हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या अशाच जवळपास 3 कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात 942 जाती तपासल्या. कर्नाटकाचा राज्यपक्षी नीलकंठ घटतोय, हे त्यातूनच ठळक झालं.

आता पोटाचं. या नोंदींचा पगार मिळत नाही, कधी मिळणारही नाही. स्वयंसेवकाच्या प्रमाणपत्रांची चळतही फारशी उपयोगाची नाही. उपयोगी पडते ती सलग दोन-तीन वर्षांची, एकाच जागेची नोंद. संशोधन प्रकल्पावर क्षेत्र सहायक घेताना ती दाखवता येते. ही कामं बहुतेक कंत्राटी, मानधन बेताचं, हे आधीच समजून घ्या. पुढं डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) इथं वन्यजीव विषयात एम.एस्सी. आहे. जागा मोजक्या, चुरस मोठी. म्हणून पदवीचे मार्क सांभाळायचे आणि सांख्यिकी शिकायची. पक्षी ओळखणारे पुष्कळ भेटतात, आकड्यांचा अर्थ लावणारे कमी. प्राणिशास्त्राच्या पदवीवर यूपीएससीची वनसेवा परीक्षाही देता येते.

आणखी एक, थोडं टोचेल. तिला कन्नड लिहिता-वाचता यायला हवं. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो, वनखात्याच्या रेंज ऑफिसातला कागद कन्नडमध्ये असतो.

भीमगडच्या रानात एकटी जाऊ देऊ नका. गवे, अस्वलं आहेत, आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही. तिथल्या बारापेडे गुहेतलं दुर्मीळ वटवाघूळ बरीच वर्षं जगात फक्त तिथंच आहे असं समजलं जायचं. ते बघायला म्हणून गुहेत शिरणं तर नकोच, माणसांच्या वर्दळीनं वटवाघळं बिथरतात. तिचा बांध पुरेसा आहे.

पानात एक चूक मात्र सापडली. वेळ आहे, जागा आहे, तारीख नाही. तारखेशिवाय ते अकरा कावळे कुणाच्याच कामाचे नाहीत. त्यासाठी तिला जरूर रागवा.