डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकताना वाय-फाय कार्ड सापडत नाही, लॅन केबलही नाही. काय करू?

आधी अँड्रॉइड फोन हाताशी घ्या. यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) चालू करा. इन्स्टॉलरच्या मेनूत मागे जाऊन नेटवर्क हार्डवेअर शोधण्याची पायरी पुन्हा चालवा, बहुतेक वेळा फोन वायर्ड कार्डासारखा दिसतो. केबल मात्र डेटावाली हवी. नुसती चार्जिंगची असेल तर टेदरिंगचा पर्याय फिकाच राहतो, आणि माणूस उगाच लॅपटॉपला दोष देत बसतो.

आता मूळ दुखणं. २०२३ साली आलेल्या डेबियन १२ पासून बरंचसं फर्मवेअर (कार्ड चालायला लागणारी छोटी फाइल) इन्स्टॉलरमध्येच असतं, म्हणून इंटेलची बहुतेक कार्डं आपोआप चालतात. ब्रॉडकॉम कंपनीच्या जुन्या कार्डाचं तसं नाही. त्याचं फर्मवेअर वाटायची परवानगीच नाही, त्यामुळे ते नेटवरून उतरवावं लागतं. म्हणजे नेटसाठी आधी नेट! फोन लागतो तो याचसाठी.

इन्स्टॉल झाल्यावर टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएन' चालवा (इंग्रजी लहान अक्षरांत) आणि कार्डाच्या ओळीतला चौकटी कंसातला आकडा बघा. १४ई४:४३१५ असेल तर ते बीसीएम४३१२. कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, 'यूकोड१५' फाइल सापडली नाही अशी तक्रार दिसेल. सोर्सेसमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत) 'कॉन्ट्रिब' हा विभाग जोडून 'फर्मवेअर-बी४३-एलपीफाय-इन्स्टॉलर' हे पॅकेज टाका, रीबूट करा.

तरीही नेटवर्कं दिसली नाहीत तर टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' चालवून वाय-फाय बंद केलेलं आहे का ते बघा. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' आलं तर लॅपटॉपच्या कडेचं वाय-फायचं बारीक बटण सरकवा.