चालू डिस्कचं लेबल बदला, पण रीबूटच्या आधी एफएसटॅब बघा

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर डेटाची एक्सएफएस फाइलसिस्टम (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) असलेली डिस्क माउंट आहे, म्हणजे जोडलेली आणि वापरात आहे, आधीच्या माणसाने तिला चुकीचं लेबल, म्हणजे नाव, दिलंय, ते बदलायला एक्सएफएस-ॲडमिन ही कमांड चालवली तर 'माउंट असलेली फाइलसिस्टम आहे' म्हणून ती नकार देते, आणि सपोर्टवाले रविवारी सर्व्हर बंद ठेवा म्हणतात. वाचलं आणि राहवलं नाही. याच कामात आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर ऐन मार्चअखेरीला बसला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर. सर्व्हर बंद करायची गरज नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) 4.18 पासून चालू एक्सएफएसचं लेबल बदलता येतं, फक्त हत्यार वेगळं. एक्सएफएस-आयओ ही कमांड घ्या, मायनस सी नंतर अवतरणात 'लेबल मायनस एस' आणि नवं नाव, आणि शेवटी माउंट पॉइंट, म्हणजे डिस्क ज्या फोल्डरवर जोडली आहे तो. तिथे डिव्हाइसचं नाव द्यायचं नाही, हे बरेच जण चुकतात. रेड हॅट 8, अल्मा 8 आणि त्यापुढे हे चालतं. सेंटओएस 7 असेल तर तिथला कर्नल 3.10, म्हणजे अनमाउंट करणं आलंच. पण त्याचा सपोर्ट 30 जून 2024 ला संपलाय, तेव्हा लेबलच्या आधी ती काळजी करा.

एक्सएफएस-ॲडमिन नकार देतं ते योग्यच आहे. ते थेट डिस्कवरच्या सुपरब्लॉकमध्ये (फाइलसिस्टमची मूळ माहिती असलेल्या भागात) लिहितं, आणि माउंट असताना त्याच सुपरब्लॉकची प्रत कर्नलच्या मेमरीत असते, जी तो केव्हाही पुन्हा डिस्कवर उतरवतो. एकाच खातेवहीत दोन कारकुनांनी एकमेकांना न विचारता नोंदी करण्यासारखं होईल ते. एक्सएफएस-आयओ मात्र कर्नललाच सांगतं की नाव बदल. मग तो स्वतःची प्रत बदलतो आणि डिस्कवर पुढे ठेवलेल्या सुपरब्लॉकच्या जादा प्रतीही बदलतो. ईएक्सटी4 या दुसऱ्या फाइलसिस्टमला ई2लेबल ही कमांड माउंट असतानाही चालते. बीटीआरएफएस या तिसरीला त्याच्याच कमांडमधलं 'फाइलसिस्टम लेबल', माउंट पॉइंट देऊन. पेनड्राइव्ह असेल तर सरळ अनमाउंट करा.

आता खरी मेख. लेबल बदलल्यावर तुम्ही एलएसबीएलके ही डिस्कांची यादी दाखवणारी कमांड मारणार आणि तिथे जुनंच नाव दिसणार. घाबरू नका, काम झालेलं असतं. एलएसबीएलके ही माहिती यूडेव्हच्या (डिव्हाइसची नोंद ठेवणाऱ्या सेवेच्या) साठ्यातून घेतं, आणि बदल माउंट पॉइंटवरून केला की यूडेव्हला बरेचदा पत्ताच लागत नाही. डिस्कवर खरं काय आहे ते बघायला रूट होऊन बीएलकेआयडी मायनस पी चालवा. मग त्या डिव्हाइसपुरतं यूडेव्हएडीएम ट्रिगर केलंत की बाय-लेबल फोल्डरमधली, लेबलवरून डिस्ककडे नेणारी लिंकही ताजी होते.

आमचा घात इथेच झाला. ज्यांच्याकडे वार्षिक देखभालीचा करार होता, त्यांच्या माणसाने रिमोटवरून लेबल बदललं. एलएसबीएलकेमध्ये जुनं नाव दिसलं, तेव्हा 'लागू व्हायला रीबूट लागेल' असं ठरवून त्याने रीबूट मारला. एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीच्या फाइलमध्ये, जुन्याच लेबलची ओळ होती, तिला हात लावला नाही. मशीन उठताना जुन्या लेबलची डिस्क शोधत दीड मिनिट थांबलं, मग इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. तिथेही रूट खातं लॉक असल्याने कन्सोल उघडता येत नाही, असा संदेश. एसएसएचने दुरून लॉगिन नाही, काही नाही. डेटा जसाच्या तसा शाबूत, आणि काउंटरवर पासबुकं घेऊन उभे असलेले लोक.

दुरुस्ती म्हणाल तर एका ओळीची. इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून रेस्क्यू मोडमध्ये चालू करा, एफएसटॅब दुरुस्त करा, संपलं. पण सर्व्हर त्यांच्याच रॅकमध्ये, दुसऱ्या गावात. फोन केला की आधी करार क्रमांक. मग 'साइट व्हिजिट करारात नाही'. मग तिकीट दुसऱ्या टीमकडे. तिकडून प्रश्न आला, 'डिस्क फॉरमॅट करून बॅकअप टाकू का?' धडधाकट डिस्क फॉरमॅट करायला निघालेल्या माणसाला आवरणं हेच त्या काळातलं आमचं मुख्य काम झालं. एफएसटॅब उघडून बघा, हे मी लेखी कळवत राहिलो आणि ते वाचणारा माणूस भेटेपर्यंत वर्षअखेरीचं काम कागदावर चाललं. याचा राग मला अजूनही आहे.

म्हणून माझं मत ठाम आहे: सर्व्हरच्या एफएसटॅबमध्ये लेबल नकोच, यूयूआयडी (फाइलसिस्टमचा स्वतःचा लांबलचक ओळख क्रमांक) ठेवा. लेबल माणसांना ओळखायला. आणि क्रम पाळा. आधी एफएसटॅबची ओळ यूयूआयडीवर न्या, सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड करा, नाहीतर सिस्टमडी (मशीन सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) जुनीच नोंद धरून बसतं. लेबल त्यानंतर बदला. मग फाइंडएमएनटीला व्हेरिफायचा पर्याय देऊन चालवा. एफएसटॅबमधलं एखादं नाव सापडत नसेल तर ते तिथेच सांगतं. जी डिस्क नसली तरी मशीन उठायला हवं, तिच्या ओळीत नोफेल हा पर्याय घाला. मात्र नोफेल घातलं की बॅकअपच्या स्क्रिप्टने डिस्क खरंच माउंट आहे का हे आधी तपासायला हवं. नाहीतर रूटची क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) रिकाम्या फोल्डरमध्ये लिहीत राहते आणि मुख्य डिस्क भरते.

नाव निवडताना लांबी बघा. एक्सएफएसला 12 बाइट, ईएक्सटी4 ला 16. देवनागरीत एकेका चिन्हाला 3 बाइट लागतात आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे एक्सएफएसवर जेमतेम चार चिन्हं. 'दप्तर' बसत नाही, कारण हलन्तही मोजला जातो. रोमनमध्येच द्या, आणि मध्ये स्पेस नको. एफएसटॅबमध्ये ती बॅकस्लॅश 040 अशी लिहावी लागते आणि पुढच्या माणसाला त्रास होतो.

हे सगळं साध्या पार्टिशनबद्दल. एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी व्यवस्था) असेल तर एफएसटॅबमध्ये यूयूआयडीऐवजी मॅपरचा मार्ग, म्हणजे एलव्हीएमने दिलेलं डिव्हाइसचं नाव, वापरलात तरी चालेल. डिस्क दुसरीवरून क्लोन केली असेल तर यूयूआयडीही तोच येतो आणि एक्सएफएस दुसरी डिस्क माउंट करायला नकार देतं, तेव्हा तो आधी तपासा. तुमचा सेटअप मी पाहिलेला नाही, त्यामुळे ताजा बॅकअप असल्याशिवाय काही करू नका.

आणि सपोर्टवाल्यांना तिकिटात लेखी विचारा: एफएसटॅबमध्ये आत्ता कुठली ओळ आहे, बदलानंतर कुठली असेल, आणि रीबूट कशासाठी हवा. या तिन्हींची उत्तरं येईपर्यंत रविवारच्या शटडाउनला होकार देऊ नका.